प्रस्थान ठेवलेली पट्टी

नोकरीचं पत्र हातात पडलं तेव्हा केतकी देवपुजारीने पगार विचारला नाही, सुट्ट्या विचारल्या नाहीत. कंपनीच्या ठाण्यांची यादी पुढ्यात ओढली आणि एवढंच विचारलं, "यातलं नागपूरपासून सगळ्यात लांब कोणतं?"

समोरचा माणूस हसला. पोरीला जग बघायची हौस दिसते, असं त्याला वाटलं असणार. त्याने यादीच्या तळाशी बोट ठेवलं. सान्तियागो, चिली. नागपूरपासून सोळा हजार सातशे किलोमीटर.

हौस कसली डोंबलाची! केतकीला आईपासून लांब जायचं होतं.

तिची आई वैजयंतीबाई म्हणजे नागपुरातल्या मुलींच्या शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवलेली बाई. एका वर्गात पाढा म्हणायला लागल्या की शेजारच्या वर्गातल्या मुली ताठ बसायच्या. केतकीचं लग्न त्यांनीच ठरवलं होतं. चौदा महिन्यांनी केतकी ते मोडून घरी आली, तेव्हा बाईंनी आरडाओरडा केला नाही. रोज संध्याकाळी चहाचा कप पुढे ठेवताना त्या फक्त विचारायच्या, "मग, परत कधी जातेस त्याच्याकडे?" असं वर्षभर चाललं. शेवटी केतकीने ती यादी पुढे ओढली.

त्याला आता सहा वर्षं झाली होती. दुरून डोंगर साजरे म्हणतात. आईही दुरून बरी साजरी दिसत होती. दर रविवारी पडद्यावर पंधरा मिनिटं भेट व्हायची. आई म्हणायची, "येते मी तिकडे." केतकी म्हणायची, "अगं, दोन विमानं बदलून छत्तीस तास लागतात. तुला झेपणार आहे का?" खोटंही नव्हतं ते. सहा वर्षं हे कारण तिला पुरलं.

पण तेच कारण तिच्याच कंपनीने मोडीत काढलं.

'दक्षिणायन' कंपनीची विमानं हायड्रोजनवर चालत. वेग ताशी साडेसातशेच्या आसपास, म्हणजे जुन्या विमानांपेक्षा कमीच. पण कुठे न उतरता ती नागपूरहून थेट सान्तियागो गाठत. अरबी समुद्र, मग आफ्रिका आडवी कापून नामिबियाचा किनारा, तिथून पुढे दक्षिण अटलांटिकचं नुसतं पाणी आणि शेवटी अर्जेंटिना ओलांडून चिली. एकूण बावीस तास. एवढा वेळ दोनशे माणसं बसवायची, जेवू घालायची, त्यांना पाणी आणि हवा पुरवायची, तर विमान इंधनापेक्षा त्याच ओझ्याने वाकलं असतं. म्हणून कंपनीने माणसांना झोपवायचं ठरवलं. अस्वलं हिवाळ्यात झोपतात तशी ही झोप. एक औषध शिरेत सोडलं की शरीराला वाटतं, थंडी आली, आता काटकसर करायची. अंगाचं तापमान एकतीस अंशांवर उतरतं, श्वास मिनिटाला तीन-चार आणि हृदयाचे ठोके एक तृतीयांश. भूक नाही, तहान नाही. मग आसनं तरी कशाला हवीत? एकावर एक तीन, असे दोन फूट उंचीचे बंद कप्पे केले. एका विमानात दोनशे बारा कप्पे. झोपलेल्याला उजेड लागत नाही म्हणून आत दिवासुद्धा दिला नाही. जाहिरात होती, 'डोळे मिटा, उघडा, सान्तियागो.'

आता औषध किती द्यायचं, हे कोण ठरवणार? तर मनगटावरची एक पट्टी. प्रवासाआधी तीन दिवस ती बांधून ठेवायची. नाडी, तापमान, रक्तातली साखर, झोपेची खोली असं सगळं ती मोजते आणि झोपवायचं औषध किती, उठवायचं किती, ते ठरवते. कागदावरचं वय काहीही असो, आम्ही शरीरालाच विचारतो, हा कंपनीचा अभिमान. पट्टीच्या डबीवर मराठीत छापलं होतं, 'पट्टी बांधली, प्रवास सुरू!'

केतकी सान्तियागोच्या विमानतळावर याच झोपेवर नजर ठेवायचं काम करत होती. म्हणजे आईला आता कोणत्या तोंडाने नाही म्हणणार? तिने तिकीट काढून दिलं आणि मनात एकच आशा धरली. आई जिन्याच्या दुसऱ्या वळणावर दम खायला थांबते. पट्टीच तिला नापास करेल.

बुधवारपासून पट्टीचे आकडे पडद्यावर यायला लागले. नाडी अठ्ठेचाळीस. झोप गाढ. अडुसष्ट वर्षांच्या बाईचं हृदय विशीतल्या धावपटूसारखं. केतकी आधी चमकली, मग हिरमुसली. शुक्रवारी तिने आईच्या झोपेला मंजुरीची सही केली. शनिवारी सकाळी सहाला विमान नागपुरातून उडालं.

सान्तियागोत त्याच शनिवारचे सकाळचे अकरा वाजले होते. केतकी नुकतीच कामावर आली होती. पडद्यावर दोनशे बारा ठिपके होते, बहुतेक हिरवे, पाच-सहा पिवळे. पिवळा म्हणजे जरा लक्ष ठेवा. एकशे चाळीस नंबरचा कप्पा पिवळा होता. तो आईचा. ठोके सोळा हवे होते, अकरा पडत होते.

तेवढ्यात फोन वाजला. नंबर नागपूरचा होता.

"ताई, मी रेवती बोलून राहिली. रेवती बोकारे, काकूंच्या समोरच्या फ्लॅटमधली." रेवती शाळेत खेळ शिकवायची. रोज सकाळी दहा किलोमीटर धावायची. आई तिचं फार कौतुक करायची. "काकू पोचल्या का?"

"अजून साडेआठ तास आहेत. का गं?"

"ते काय झालं ताई, आज अमावस्या ना. काकूंना अमावस्येला निघायचं नव्हतं. म्हणून बुधवारी चांगला मुहूर्त पाहून त्यांनी माझ्याकडे प्रस्थान ठेवलं."

केतकीला लहानपणचं आठवलं. निघायच्या दिवशी मुहूर्त नसेल, तर आधीच्या चांगल्या वेळेला आपली एखादी वस्तू शेजारच्या घरी नेऊन ठेवायची. म्हणजे प्रवास तेव्हाच सुरू झाला, असं धरतात. मग निघताना ती वस्तू तिथूनच उचलायची, परत घरात आणायची नाही.

"मग? काय ठेवलं?"

"नारळ, एक साडी आणि ती पट्टी. काकू म्हणे, डबीवरच लिहिलंय ना, पट्टी बांधली की प्रवास सुरू. मग प्रस्थान पट्टीचंच पाहिजे. पण ती हाताला नसली की दर दहा मिनिटांनी केकाटते हो! म्हणून मी माझ्याच हाताला बांधून ठेवली. आज पहाटे काकूंना काढून दिली. नारळ घाईत राहिला, तो आता उचलला, त्याच्याखाली कागद सापडला. त्यात लिहिलंय, पट्टी दुसऱ्याने बांधू नये... ताई, काही होत तर नाही ना?"

ते अठ्ठेचाळीस ठोके रेवतीचे होते. आज सकाळी पट्टी आईच्या हाताला बांधली तेव्हा नाडी ब्याऐंशी आली असणार. पण निघायच्या दिवशी सगळ्यांचीच नाडी धावते, म्हणून शेवटचे तीन तास यंत्र हिशेबातच घेत नाही.

ती धावत मार्सेलाकडे गेली. मार्सेला पाळीची प्रमुख, पन्नाशीची, कधीही आवाज न चढवणारी बाई. तिने आकडे पाहिले आणि खुर्ची पुढे ओढली.

"झोप जड झाली आहे, पण ती कशीबशी निभेल," ती म्हणाली. "भीती उठवायची आहे. एकविसाव्या तासाला उठवायचं औषध आपोआप सुटेल. तो धक्का धावणाऱ्या मुलीच्या हृदयासाठी मोजलेला आहे. तुझ्या आईचं हृदय त्या धक्क्याने बंद पडेल."

"मग विमान वळवा."

"नामिबियाचा किनारा सतराशे किलोमीटर मागे राहिला. वळवलं तर दोन-सव्वादोन तासांत उतरेल, पण तिथे झोपलेल्यांना उठवायची यंत्रं नाहीत. पुढे सहा हजार चारशे किलोमीटर आहेत, बहुतेक समुद्रच. एक वाट आहे. आपोआप सुटणारं औषध बंद करायचं आणि आतापासून हाताने थेंब-थेंब सोडायचं. सात तास लागतील. पण हळू उठवलं की शरीराआधी भान येतं, हे तुला ठाऊक आहे."

ठाऊक होतं. प्रशिक्षणात हे पान सगळे जण भराभर उलटत. दोन तासांत आईला ऐकू यायला लागेल. पापणी उघडणार नाही, बोट हलणार नाही, घशातून आवाज फुटणार नाही. दोन फुटांच्या अंधाऱ्या कप्प्यात पाच तास जागी आणि थिजलेली. कप्पा उघडायचा नाही, कारण बाहेरच्या हवेने अंग एकदम तापेल. आणि अंग तापायच्या आत ती घाबरली, ठोके साठाच्या वर गेले, तर थंड हृदय तो वेग सोसणार नाही.

"जवळच्या नातेवाइकाची सही लागते," मार्सेला म्हणाली. तिने कागद पुढे सरकवला. जवळची नातेवाईक समोरच उभी होती.

केतकीने सही केली. दोन दिवसांतली ही दुसरी.

विमानात जागी माणसं फक्त वैमानिक आणि एक परिचारिका, फिलोमिना. तिने एकशे चाळीस नंबरशी खुर्ची घेतली आणि थेंब सोडायला सुरुवात केली. कप्प्यात एक छोटा ध्वनिवर्धक होता. केतकीने कानाला यंत्र लावलं. दुपारी सव्वा वाजता पडद्यावर ठोके पंधराचे एकदम सव्वीस झाले.

"मॅडम," फिलोमिना म्हणाली, "त्या जाग्या झाल्या. बोला."

"आई, मी केतकी." ती आकड्यांवर नजर ठेवून बोलत होती. "तू विमानात आहेस. तुझे हातपाय हलणार नाहीत, डोळे उघडणार नाहीत. तसंच असतं ते. तू ठीक आहेस. मी इथेच आहे."

एकतीस. अडतीस. बेचाळीस. आई ओरडत होती. ओरडायला घसा नव्हता म्हणून ती हृदयाने ओरडत होती. केतकी एकदा लहानपणी कपाटात कोंडली गेली होती, खेळताना. दार उघडायला आईला दोन मिनिटं लागली होती.

ती बोलत सुटली. खिडकीतून दिसणारा डोंगरावरचा बर्फ. इथल्या बाजारात मिळणारी भोपळ्याएवढी वांगी. शेजारणीचं मांजर. आकडा सदतीसवर आला, पण ती पाणी प्यायला थांबली की पुन्हा चढायचा. एक तास झाला, दोन झाले. सांगण्यासारखं संपलं. दर रविवारी पंधरा मिनिटं बोलणाऱ्यांकडे सांगण्यासारखं असतंच किती?

मग तिला पाढे आठवले. ती एकोणतीसचा म्हणायला लागली, लहानपणी आईसमोर उभी राहून म्हणायची तसा. "एकोणतीस पाचे एकशे पंचेचाळीस, एकोणतीस सक एकशे चौऱ्याहत्तर, एकोणतीस साती दोनशे चार..."

छत्तीसचा आकडा टुणकन एकेचाळीस झाला.

केतकीला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि ती हसली. आई चिडली होती! समुद्रावर अकरा किलोमीटर उंच, अंधारात थिजून पडलेली बाई पाढा चुकला म्हणून चिडली होती. केतकीने मुद्दाम दुरुस्ती केली नाही. चुकीचाच पाढा तिने परत म्हटला, आणि आकडा परत उडाला. मार्सेलाही हसली.

चार वाजून दहा मिनिटांनी आवाज तुटला.

समुद्राच्या त्या भागात एका उपग्रहाकडून दुसऱ्याकडे जाताना कधीकधी असं होतं. झोपलेल्यांना त्याने काही फरक पडत नाही, म्हणून कंपनीने ते कधी दुरुस्त केलं नव्हतं. पडद्यावर दोनशे बारा ठिपके करडे झाले. केतकी बोलतच राहिली. आई, मी आहे. आई, ऐकू येतंय का? कुणाला ऐकू जाणार होतं? ती घड्याळाकडे बघत राहिली. अकरा मिनिटं. आतल्या अंधारात ती किती झाली असतील?

ठिपके परत उमटले तेव्हा एकशे चाळीस नंबर लाल होता. सत्तावन्न.

"मी कप्प्यावर थापट्या मारत होते, मॅडम," फिलोमिना धापा टाकत म्हणाली. "मी हाका मारत होते. पण त्यांना माझा आवाज ओळखीचा नाही."

"आई, आवाज तुटला होता. आता आहे. सगळं ठीक आहे गं." अठ्ठावन्न. "काळजी करू नकोस, आता पोचशील." अठ्ठावन्नच. आईला खोटा स्वर लांबून ओळखू यायचा. चौतीस वर्षं मुलींच्या न केलेल्या गृहपाठाची कारणं ऐकलेली बाई ती. केतकीने डोळे मिटले.

"आई, काहीच ठीक नाही," ती म्हणाली. "पट्टी रेवतीच्या हाताला होती. तुला जास्त औषध गेलंय. ते आकडे मला बुधवारीच दिसले होते. अठ्ठेचाळीस. तू जिन्याच्या दुसऱ्या वळणावर थांबतेस हे मला माहीत होतं. दृष्टीआड सृष्टी, मला वाटलं, सहा वर्षांत बदलली असेल. नाही, तेही खोटं. मला त्यावर विचारच करायचा नव्हता. तुझी पट्टी नापास व्हावी म्हणून मी वाट बघत होते. तू यायला नको होतीस मला. तू तो प्रश्न विचारशील म्हणून मी इतक्या लांब आले. यादीत सगळ्यात लांबचं गाव निवडलं. आणि आता मला तू हवी आहेस, आई. मरू नकोस."

खोलीत कुणाला मराठी येत नव्हतं, तरी सगळे पडद्याकडे वळले होते. सत्तावन्न. चोपन्न. पन्नास. आकडा पायरी-पायरीने उतरत चव्वेचाळीसवर आला आणि तिथे थांबला. केतकी टेबलावर डोकं ठेवून रडली, आणि रडताना बोलायची थांबली नाही.

संध्याकाळी साडेसातला विमान उतरलं. सूर्य अजून डोंगरावर होता. एकशे चाळीस नंबरचा कप्पा सगळ्यांत आधी उघडला. वैजयंतीबाई पडद्यावर दिसायच्या त्याहून फार लहान होत्या. ओठ निळसर, पांढरे केस कपाळाला चिकटलेले. केतकीने त्यांचं मनगट हातात घेतलं. सहा वर्षांत पहिल्यांदा.

पापण्या थरथरल्या. ओठ हलले. केतकीने कान जवळ नेला.

"दोनशे तीन," आई म्हणाली.

केतकी हसली आणि मनगट घट्ट धरून नाडी मोजायला लागली. अठ्ठ्याऐंशी, पण एकसारखी, दमदार. तिचा जीव भांड्यात पडला. पाण्याचे दोन घोट पोटात गेल्यावर आईचा आवाज जरा सुटला.

"रेवतीला रागावू नकोस. ती मला म्हणाली होती, काकू, ही तुमच्याच हाताला पाहिजे. पट्टी केकाटायची थांबली, तेव्हाच मला समोर कळलं, तिने ती बांधली. मी म्हटलं, राहू दे तुझ्याकडे, प्रस्थान मोडत नाहीत."

"म्हणजे? तुला माहीत होतं?"

"गणिताची बाई मी. माझ्या हाताला ती पास होणार नाही, एवढं मला कळत होतं." आईने डोळे मिटले. "मग तू फोन केला असतास. नाही जमणार गं आई, असं म्हणाली असतीस. आणि तेव्हा तुझ्या तोंडावर सुटल्याचा आनंद दिसला असता. तो बघायची मला भीती वाटत होती. मरायची नाही वाटली एवढी."

केतकीने मोकळ्या हाताने तिचे केस मागे सारले. पलीकडे एकेक कप्पा उघडत होता. आतली माणसं आळस देत उठत होती, कुणी म्हणत होतं, आत्ता तर डोळे मिटले होते!

मार्सेला येऊन हळूच सांगून गेली. आता खरे आकडे नोंदले गेले होते. या हृदयाला कंपनी पुन्हा कधी झोपवणार नाही, आणि छत्तीस तासांच्या जुन्या प्रवासाला कोणताही डॉक्टर हो म्हणणार नाही.

"आई," केतकी म्हणाली, "आता तुला नागपूरला परत जाता येणार नाही. कळतंय का तुला?"

"प्रस्थान ठेवलेलं घरात परत नेत नाहीत," आई म्हणाली. मग तिने एक डोळा उघडून आपल्या मनगटाकडे पाहिलं. "अंगठ्याने धरलंयस तू. अंगठ्याने नाडी मोजायची नसते, रेवती सांगते. अंगठ्याला स्वतःची नाडी असते. मघापासून तू तुझीच मोजते आहेस."

केतकीने अंगठा काढला. दोन बोटं मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवली. आधी काहीच लागेना. मग खोल कुठेतरी ठोका लागला, एक. दोन. तीन.

चौथा चुकला. केतकी बोटं न हलवता पुढच्या ठोक्याची वाट बघत राहिली.